उजवी बाजू

"आपण जेवायचे पाट करतो. सपाट लाकूड घासायला बेल्ट सँडर लागतो. डिस्क सँडर नुसत्या कडा घासायला ठीक," एवढंच मी बोलले होते. दादाने हातातला काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या माझ्या जबड्यावर हाणला. दाढ तुटली. "आयटीआयमध्ये दोन वर्षं काढलीस म्हणून मला सुतारकी शिकवतेस? पुन्हा मध्ये बोललीस तर जीभ छाटीन."

त्याने डिस्कच आणली. दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, वहिनीला आणि मला समोर उभं करून बटण दाबलं. उभी तबकडी गरगर फिरू लागली. दादाने पाट उचलला. "मुहूर्ताचं काम उजवीकडून," म्हणाला.

आमची तबकडी डावीकडे खाली येते, म्हणून लाकूड डावीकडेच टेकवायचं. उजवीकडे ती वर जाते आणि लाकूड भिरकावून देते. हे आयटीआयमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. मी तोंड उघडलं. तुटक्या दाढेतून कळ गेली. मी तोंड मिटलं.

पाट उसळून दादाच्या तोंडावर आदळला. तो भुशात कोसळला. वहिनी किंचाळली नाही. तिने सावकाश पुढे होऊन बटण बंद केलं.

रक्ताबरोबर दोन दात थुंकत दादाने माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं. का बोलली नाहीस?"

पूजेत मांडलेला गुण्या मी उचलला आणि त्याच्या हातापासून लांब ठेवला.

"मला जीभ ठेवायची होती," मी म्हणाले.