घरचा पट

आजी सत्तराव्या वर्षी आंतरराष्ट्रीय खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत उतरल्या, त्या एकाच भरवशावर. घरच्या पटावर त्यांनी नवऱ्याला चाळीस वर्षं हरवलं होतं. ते डोकं खाजवत "हरलो बुवा" म्हणायचे आणि सोंगट्या आवरायचे. ते गेल्यावर समोर बसायला कुणी उरलं नाही. इथे निदान एक डाव तरी जिंकायचाच, असं आजींनी ठरवलं होतं. पण आठ फेऱ्या झाल्या, आठही हरल्या. नवव्या, शेवटच्या फेरीतही वजीर गेला आणि डाव आटोपला.

हात मिळवून झाल्यावर समोरचे पिकल्या मिशांचे गृहस्थ हळूच म्हणाले, "ताई, राग मानू नका. तुम्ही वजीर उघड्यावर ठेवता. इतकी वर्षं खेळताय, कुणी मारला नाही कधी?"

"आमच्या ह्यांना तो दिसायचाच नाही हो," आजी हसून म्हणाल्या, आणि हसता हसता थांबल्या.