संवत्सरीचा मेसेज

"तुले माफ करं, हाई सांगाले उनू," दुकानाच्या पायरीशी चपला काढून तो माणूस म्हणाला. मयंकला काही केल्या आठवेना, याने आपल्याला कशाबद्दल माफ केलं?

शहाद्याच्या बाजारातलं कापडाचं दुकान. गल्ल्यावर मयंक, आत गादीवर माळ जपत बसलेली त्याची आजी दाखूबाई. आलेला माणूस धडगावकडच्या डोंगरातला, पन्नाशीचा. भीमसिंग, असं त्याने नाव सांगितलं. मग खिशातून मोबाईल काढून दोन्ही हातांनी पुढे धरला. "तुन्हा मेसेज उना. पोरनी वाची दाखाडा."

मेसेज मयंकचाच होता, परवाच्या संवत्सरीचा, जैनांच्या क्षमा मागायच्या दिवसाचा. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागतो, मिच्छामि दुक्कडम्. आणि त्याच्या वरच, तीन महिन्यांपूर्वी मयंकनेच पाठवलेली एका व्हिडिओची लिंक. ती दिसली आणि हा टॉकीजमधला तोच माणूस, हे त्याला आठवलं.

उन्हाळ्यात टॉकीजला एक मारधाडीचा सिनेमा लागला होता. पुढच्या शतकातला खेळ. श्रीमंत लोक घरात बसून बटणं दाबायचे आणि मैदानात जिवंत कैदी त्यांच्या हुकमावर पळायचे, एकमेकांना मारायचे. एक मेला की दुसरा विकत घ्यायचा. पब्लिक प्रत्येक मुडद्याला शिट्टी मारत होतं. मयंकही मारत होता. घरी मुंगी पायाखाली आली तरी दाखूबाई दिवसभर हळहळायची, आणि नातू इकडे मुडदे मोजत होता. त्याचं चॅनलच होतं म्हणा, सिनेमा बघणाऱ्यांचे चेहरे टिपायचं. पडद्यावर एक कैदी पाणी मागत मरत होता आणि त्याला खेळवणारा पोरगा थंड पेय पीत होता. सगळं थिएटर हसलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एकजण उभा राहिला आणि पडद्याकडे हात करून ओरडला, "पानी द्या रे त्याले!"

बाहेर मयंकने त्याला गाठलं. माईक पुढे केला. तो माणूस मनापासून बोलला. "त्या मानूसनी मायले कोनी सांगं का?" असं त्याने विचारलं, आणि डोळे पुसले. 'व्हिडिओ पाठवतो' म्हणून मयंकने त्याचा नंबर घेतला. मग खाली हसण्याचा आवाज जोडला, वर लिहिलं, 'गेममधल्या मेल्याला पाणी पाजणारे काका'. दीड लाख लोकांनी पाहिला. त्याच्या चॅनलवर एवढं कधीच काही चाललं नव्हतं.

"मन्ही पोर जागृती आठेच नर्सिंगले शे," भीमसिंग सांगत होता. "तिले देखीसनी कॉलेजना पोरे 'पानी द्या, पानी द्या' म्हनेत. दोन महिना घरमा बठेल व्हती. तुन्हा मेसेज उना, तो तिनी दोन खेप वाचा. बोलनी, बा, त्यानी माफी मांगी, म्हणजे व्हिडिओ काढी टाकाच व्हई. आज बॅग भरीसनी निंघनी. तिले आत्तेच होस्टेलले सोडं."

व्हिडिओ काढून टाकलेला नव्हता. मयंकचा हात गल्ल्याखालच्या आपल्या मोबाईलकडे गेला. तिकडे न बघितल्यासारखं करत त्याने चॅनलवरचा तो व्हिडिओ शोधला आणि पुसून टाकला. दोन बटणांचं काम. सुंठीवाचून खोकला गेला. आता हा माणूस जाईल, पोरगी कॉलेजला जाईल, आणि कोणाला काही कळायचं कारण नाही. त्याने सुटकेचा श्वास घेतला, आणि त्या श्वासाचीच त्याला लाज वाटली.

"काका, फोन करी देता ना. इतला दूर कशाले उनात?" तो म्हणाला.

"फोनवर माफ करतस का कोठे?" भीमसिंग हसला. "माफी मांगनाराना दारशी जानं पडस."

आतून दाखूबाईने माळ थांबवून नातवाकडे पाहिलं. एवढ्या कौतुकाने तिने त्याच्याकडे कधीच पाहिलं नसेल. नोकराला हाक मारून तिने चहा सांगितला, आणि आलेल्या माणसाला पायरीवर नको, वर गादीवर बसायला सांगितलं. भीमसिंग अंग चोरून कडेला टेकला. चहाची बशी हातात आल्यावर तो आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, "मी घरमा बोलनू, बाजारना पोऱ्या, त्याले रोज कितला मानसे भेटतस. इतला मानसेस्मा त्याले मन्ही याद उनी."

मयंकला वाटलं, याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आजी बघत होती. गप्प राहिलं तर सगळंच निभावत होतं, आणि गप्प राहणं आता त्याच्याने होईना.

"काका, तुम्ही मन्हा ध्यानमा बी नव्हतात," तो मान खाली घालून म्हणाला. "व्हिडिओ बी मी आत्ते काढी टाका, तुम्ही आठे बठेल व्हतात तवय. तो मेसेज मी सगळासलेच धाडा. सहाशे बारा लोकेसले. त्यास्मा तुम्हना नंबर व्हता, बस."

भीमसिंगने बशी खाली ठेवली. रागावला म्हणावं तर तसं नव्हतं. उलट घाबरल्यासारखा तो जरा जवळ सरकला, आणि दाखूबाईला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून त्याने विचारलं,

"सहाशे बारा? इतला लोकेसनं तू काय बिघाडेल शे, भाऊ?"