खंडेनवमीचा पाट

लग्नात जेवायला बसला तरी धैर्यशील सदरा वर करून कमरेचं रिव्हॉल्व्हर लोकांना दाखवायचा. लेकाची ही तऱ्हा गजराक्काला मुळीच खपत नव्हती. आज खंडेनवमी. भावकी जमवून त्यानं ते थेट पूजेच्या पाटावर, कोयत्या-कुऱ्हाडींच्या मधोमध मांडलं.

गजराक्कानं आधी गोळ्या काढायला लावल्या, मग ते तळहातावर तोललं. "अरं, ह्याच्यापरीस माझं लाटणं जड!"

"आई, तीच तर गंमत! अंगानं हलकं, पण गोळी केवढी मोठी! असलं अख्ख्या तालुक्यात न्हाई."

"नसंल. पण आपल्या घरात राबल्याबिगर कुठल्याच हत्याराला कुंकू लागत न्हाई. ह्यानं आजवर काय केलं, ते सांग."

धैर्यशील भावकीकडं बघत नुसता मिशीला पीळ देऊ लागला. तेवढ्यात सुनेनं तोंडाला पदर लावला. "आत्याबाई, केलंय की! गेल्या महिन्यात ह्यांनी सरावाला एकच गोळी झाडली. हलक्या हत्याराचा असा झटका बसला, की मनगटच मुरगळलं. तुम्हाला सांगितलं, गाडीवरनं पडलो. हळदीचा लेप मीच लावला."

भावकी खो खो हसली. गजराक्का मात्र हसली नाही. तिनं पाटाकडं पाठ करून ते लेकाच्या हातात दिलं.

"ज्यानं आजवर फकस्त तुलाच मारलं, ते तुझं हत्यार न्हवं, लेका, तुझ्या वैऱ्याचं हाय. त्यालाच नेऊन दे. तो हौसेनं पूजा करंल."