करडं कार्ड

फोटोग्राफरच्या स्टुडिओत शिरलं की भिंतीवरच्या बायका थेट डोळ्यांत बघायच्या. क्रेन चालवणारी, भाजलेल्या गालाची वकीलबाई, टक्कल मिरवणारी कॅन्सरची पेशंट. "माझ्या कॅमेऱ्यासमोर कुठल्याच बाईनं तोंड लपवायचं नाही," हे त्याचं वाक्य प्रत्येक मुलाखतीत असायचं.

काल त्याची बायको गेली.

"बाबा, शोकसभेत ठेवायला आईचा एक फोटो द्या," मुलगी म्हणाली. "माझ्या मोबाइलमध्ये सगळे घोळक्यातलेच आहेत."

"ढिगानं असतील. प्रत्येक वेळी आधी तीच बसायची ना स्टुलावर. तिच्यावर उजेड आणि रंग जुळवल्याशिवाय मी कुणाला आत बोलावलंच नाही."

त्यानं कॉम्प्युटर उघडला. खरंच, प्रत्येक बाईच्या आधीचा पहिला फोटो आईचा होता. तोच निळा स्वेटर, वर्षागणिक सुरकुतत गेलेली बोटं, आणि त्या बोटांत रंग जुळवायचं करडं कार्ड, बरोबर चेहऱ्यासमोर धरलेलं.

मुलगी एकेक फोटो पुढे सरकवत राहिली. "एकात तरी खाली घेतलं असेल ना हो तिनं?"

"उजेड मात्र सगळीकडे बरोबर पडलाय," तो म्हणाला.

स्टुलावर बसलेल्या बायकोला तो दर वेळी काय सांगायचा, ते त्याला आठवलं.



"चेहरा मधे येतोय गं, कार्ड जरा वर घे."