लेकरासाठी कासव

"चावते का हे?" लिलाबाईंनी टबावर वाकून विचारलं.

"बोट तोंडापाशी नेलं तर चावतं," चेतना म्हणाली. "नाही नेलं तर त्याचं ते, आपलं आपण."

कासव तळहाताएवढं होतं. कानापाशी लाल पट्टा, आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाशी अबोला धरल्याचा भाव. चेतनाच्या कापड दुकानाबाहेर महिनाभर पाटी लटकत होती, की कासव चांगल्या घरी फुकट देणे आहे. कारंजा गावात फुकट म्हटलं की गर्दी होते, पण कासवासाठी कोणी फिरकलं नव्हतं. गेल्या आठवड्यात शेलूबाजारचे पुंजाजी बाजाराला आले, पाटी वाचून गेले आणि आज बायकोला घेऊन हजर झाले. दोघंही सत्तरीच्या पुढची. पुंजाजींची पांढरी दाढी छातीवर रुळत होती.

फुकट असलं तरी कोणाच्याही हाती जीव द्यायला चेतना तयार नव्हती. तसं जैनाच्या घरात हे कासव म्हणजे रोजची परीक्षाच होती. त्याच्या खाण्याला मासळीचा वास येई, म्हणून सासूबाईंनी टब हाकलत हाकलत दुकानामागच्या खोलीपर्यंत आणला होता. पण जीव तो जीव. तिने खोदून खोदून विचारायला सुरुवात केली.

कोणासाठी हवंय? घरात लेकरू आहे, पुंजाजी म्हणाले, संघदीप नाव. खेळणं समजून आपटणार तर नाही? नाही, फार हळवा आहे. याआधी काही पाळलं होतं का? यावर दोघं एकमेकांकडे पाहू लागली.

पाळलं होतं. पोपट मांजरीने नेला. ससा गेल्या उन्हाळ्यात मेला, तेव्हा संघदीप कितीतरी दिवस नीट जेवला नाही. सकाळी उठला की रिकाम्या खोक्यात डोकावायचा आणि ससा कधी येतो म्हणून विचारायचा. मेला म्हणजे काय, हे पुंजाजींनी त्याला अंगणात बसून पुन्हा पुन्हा समजावलं होतं. आणखी एकदा ते समजावायची ताकद आता त्यांच्यात नव्हती. तेवढ्यासाठीच ते जीपचे धक्के खात इथवर आले होते.

चेतनाला हे ऐकून वाईट वाटलं. तरी ती स्पष्टच बोलली.

"खरं सांगू का मावशी, मुलांसाठी हे जनावर नाहीच. शेपूट हलवत नाही, मागं मागं येत नाही. आमच्या टीनानं पाचवीत असताना हट्ट करून घेतलं. थोडे दिवस डोक्यावर घेऊन नाचली, मग विसरली. आता ती पुण्याला शिकायला गेली आणि हे माझ्या गळ्यात पडलं. मुलं मोठी होतात, निघून जातात. हे राहतं."

लिलाबाईंनी टबाच्या कडेवरून बोट फिरवलं. पुंजाजींनी विचारलं.

"किती वर्स राह्यते?"

"तीस. नीट सांभाळलं तर चाळीसही, असं टीना सांगते."

"चाळीस," पुंजाजी स्वतःशीच म्हणाले.

"तेच म्हणते मी, काका. तुमचंही वय झालं. तुमच्यामागं याचं..." चेतनाने जीभ चावली.

"त्याच्याचसाठी इचारून राह्यलो, बाई."

म्हातारा विचारी आहे, चेतनाला वाटलं. आता हे नको म्हणून उठतील, असंही वाटलं. पण लिलाबाईंनी तोवर पिशवी उघडून टबासाठी जागा करायला घेतली होती.

मग चेतनाने दोनच अटी घातल्या. कंटाळा आला तर नदीत सोडायचं नाही, तिला फोन करायचा. आणि कासवाला हात लावला की दर वेळी साबणाने हात धुवायचे, मुलं नेमकं तेच विसरतात.

"मीच धुऊन देतो त्याचे हात," लिलाबाई म्हणाल्या. "रोजच देतो."

"लाडावून ठेवलं म्हणा की," चेतना हसली. लिलाबाईही हसल्या. निघताना चेतनाने खाण्याचा डबा दिला, आणि देताना तिचे डोळे भरून आले. इतके दिवस नको नको म्हणत तिचाही त्या मुक्या जिवावर जीव जडला होता.

जीपला वेळ होता. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून पुंजाजींनी समोरच्या दुकानातून ब्लेडचं पाकीट घेतलं. जीपमध्ये लिलाबाई टब मांडीवर घेऊन बसल्या. गावं मागे पडायला लागली तसं त्यांनी हळूच विचारलं, "सांगाचं होतं का तिले?"

"तिनं इचारलं नाई. अन् सांगतलं असतं तर देलं असतं का?"

लिलाबाईंनी टब घट्ट धरला. मागे एकाने कुत्र्याचं पिल्लू देऊ केलं होतं आणि संघदीपला पाहताच परत नेलं होतं. ते दोघांच्याही मनातून गेलं नव्हतं.

संघदीप उंबऱ्यावर वाट पाहत होता. शेजारच्या सोजरबाई त्याला सांभाळत सुपात तूर निवडत होत्या. टब खाली ठेवला तसं कासवाने डोकं आत ओढून घेतलं. संघदीपने त्याला डिवचलं नाही. जमिनीवर पालथा पडून, हनुवटी हातावर टेकून तो वाट पाहत राहिला. बऱ्याच वेळाने डोकं बाहेर आलं, आणि तो आनंदाने असा उसळला, की धक्क्याने सोजरबाईंच्या सुपातली तूर सांडली.

मग त्याने आईकडे वळून विचारलं, "हे मरत नाई न?"

"नाई, बाप्पा," लिलाबाई म्हणाल्या. "हे राह्यते तुह्यापाशी. आमी नसलो तरी राह्यते."

रविवारी सकाळी टब अंगणात उन्हाला ठेवला. कासव दगडावर चढून बसलं, आणि त्याच्यासमोर पाटावर संघदीप. हलू नको म्हटल्यावर तोही हलला नाही. पुंजाजींनी नवं ब्लेड लावलं, वाटीत साबण फेसला आणि लेकराच्या गालांना लावायला घेतला. यंदा त्याच्या दाढीत काळ्यापेक्षा पांढरे केस जास्त झाले होते.