धाकटीचं घड्याळ

धाकटीच्या घड्याळात चार मिनिटं उरली होती, आणि थोरलीचा हात माऊसवर होता.

घरात नेटची वायर एकच. ती थोरलीच्या कॉम्प्युटरला जोडलेली, आणि तिथून पुढे आतल्या खोलीत धाकटीच्या. थोरलीने शेअरिंगसमोरची खूण काढली की धाकटीचं नेट बंद.

आत धाकटी बुद्धिबळाच्या स्पर्धेतला शेवटचा डाव खेळत होती. नियमाप्रमाणे दार लावलेलं, मोबाईल बाहेर थोरलीच्या टेबलावर. थोरली तोच डाव स्पर्धेच्या साइटवर बघत होती. घोडा अडीच घरं कसा जातो, हे धाकटीला तिनेच शिकवलेलं. एके काळी पेपरात फोटो यायचे ते थोरलीचे. आज सकाळी वाण्याने विचारलं, "तुम्ही पण खेळता का हो?" ते मनाला लागून राहिलं होतं.

धाकटीने वजीर सरकवला. थोरली पडद्याकडे वाकली. दोन खेळ्यांत मात! असं काही तिला स्वतःला उभ्या जन्मात सुचलं नव्हतं.

तिने खूण काढली.

तिच्या पडद्यावर समोरच्याने राजा हलवला. धाकटीचं घड्याळ पळू लागलं. तीन मिनिटं. दोन. आतून बटणं बडवल्याचा आवाज, मग खुर्ची सरकल्याचा. थोरली जागची हलली नाही. एक. शून्य.

दार उघडलं. धाकटी टेबलापाशी आली. तिने पडद्याकडे पाहिलं. नेट छान चालू होतं. मग तिने बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थोरलीची मान खाली गेली.

तेवढ्यात मोबाईल वाजला. स्पर्धेचे पंच होते. धाकटीने तो कानाला लावला, तरी त्यांचा चढा आवाज थोरलीला ऐकू येत होता.

"अहो, जिंकत होतात की! नेट कुणी बंद केलं का? तसं असेल तर डाव पुढे चालू करता येईल."

"नाही हो," धाकटी म्हणाली, "माझाच पाय वायरीत अडकला. मला हार मान्य आहे."

थोरलीने तिच्या हातातून फोन ओढून घेतला. "खोटं बोलतेय ती."

"आपण कोण?"



"मी तिची मोठी बहीण. नेट मी बंद केलं."