नाकाचा दिवा

चंपतरावांनी यानाचा वरचा अर्धा भाग उचलून बाजूला ठेवला आणि आतल्या तारा बोटानं मोकळ्या केल्या. प्लास्टिकचं ते अंतराळयान हातभर लांब होतं. आतून सगळं काळ्या रंगानं रंगवलेलं, म्हणजे उजेड प्लास्टिकमधून झिरपू नये, सुईनं पाडलेल्या खिडक्यांतूनच दिसावा. खिडक्यांमागचे एलईडी रविवारच्या वर्गातल्या मुलांनी जोडले होते. नाकाचा मोठा दिवा तेवढा राहिला होता. तो सर स्वतः जोडणार, असं मुलांशी ठरलं होतं. मुलं आता येतीलच.

काजल समोर बसून पाहत होती. ती कामठीहून बसनं आली होती, वडिलांना एकच गोष्ट सांगायला. हा वर्ग आता बंद करा. वर्गातल्या दीक्षाच्या आईनं तिला फोन केला होता. मागच्या रविवारी सरांनी तापलेलं सोल्डरिंग आयर्न सतरंजीवर तसंच ठेवून दिलं. जळका वास आला तेव्हा पोरांनीच ते उचललं. काय बोलायचं ते काजलनं बसमध्ये जुळवलं होतं. जेवणं झाली, भांडी झाली, तरी ते तोंडातून निघालं नव्हतं.

रविवार म्हणून खालची लाकूड कापायची आरामशीन बंद होती. लकडगंजातल्या त्या खोलीत एरवी बोलणं ऐकू यायचं नाही. आज सगळं ऐकू येत होतं.

चंपतरावांनी एलईडी चिमट्यात धरला, त्याचे दोन तारांचे पाय खोलीच्या खिडकीकडे करून बराच वेळ पाहिले.

"काजल, सांग वं. लांब पाय कशाले जोडाचा?"

तिला हसू आलं. हा प्रश्न ऐकतच ती मोठी झाली होती. लहानपणी ती मुद्दाम उलटं उत्तर द्यायची, मग बाबा तिची वेणी ओढायचे आणि सगळा वर्ग खिदळायचा. आज बाबा खुशीत दिसतात, म्हणजे बोलणं जरा सोपं जाईल, असं तिला वाटलं.

"मायनसले," ती म्हणाली, आणि सवयीनं डोकं थोडं पुढे केलं.

चंपतरावांनी मान हलवली. लांब पाय मायनसच्या काळ्या तारेला टेकवला आणि आयर्न लावलं. जोड गोल, चकचकीत बसला. आखूड पाय त्यांनी लाल तारेला जोडला. काजल त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. आता हसतील, आता म्हणतील, फसवते का मले. ते जोडावर फुंकर मारत होते.

त्यांनी बटण दाबलं. खिडक्यांची रांग पेटली. नाक अंधारातच राहिलं.

"हा खराब निघाला," ते म्हणाले. "बर्डीवाला दुकानदार आजकाल काहीही देते."

त्यांनी पहिला दिवा काढला, डबीतून दुसरा घेतला आणि त्याचाही लांब पाय काळ्या तारेकडे नेला. काजलनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"बाबा, मी गंमत केली होती. लांब पाय प्लसले."

चंपतराव रागावले नाहीत. चिमटा हळूच टेबलावर ठेवला.

"मले वाटलं, तुले तरी माहीत असन," ते म्हणाले.

मग ते खालच्या आवाजात बोलू लागले. सकाळी सगळं आठवतं, दुपारपर्यंत कुठं जातं कळत नाही. चेहरे राहतात, रस्ते राहतात, कोणता पाय कुठं हेच जातं. म्हणून हल्ली प्रत्येक जोडाच्या आधी ते वर्गाला विचारून घेतात.

"पोट्टे जोरात सांगते. त्याईले वाटते, सर परीक्षा घेऊन राहिले." ते किंचित हसले. "तूच एक निघाली चूक सांगणारी."

काजलनं बसमध्ये जुळवलेल्या बोलण्यातला आता एकही शब्द कामाचा नव्हता.

जिन्यावर चपला वाजल्या. गोलूचा आवाज सगळ्यांत पुढे होता. चंपतरावांनी आयर्न त्याच्या स्टँडमध्ये ठेवलं, ठेवलं की नाही ते वाकून पुन्हा पाहिलं आणि टेबलाचा आधार घेऊन खुर्चीवरून उठले.

"बस इथं," ते तिला म्हणाले.

"बाबा, मी..."

"तू काहून आली ते मले माहीत आहे. वर्ग बंद नको करू. तू शिकव."

ती बसली. खुर्ची अजून ऊबदार होती. मुलं आत आली. पेटलेल्या खिडक्या पाहून त्यांनी टेबलाभोवती गर्दी केली. कोणती खिडकी कोणाची यावरून थोडं भांडण झालं, नाक अजून अंधारं म्हणून एकानं तोंड वाकडं केलं. मग सगळी सतरंजीवर जाऊन बसली. चंपतराव भिंतीला धरून गुडघे सांभाळत खाली बसले आणि मागच्या कडेला टेकले.

गोलू वळून पाहायला लागला. "सर, तुम्ही खाली काहून बसले?"

"मी आजपासून नवीन आहे गा," चंपतराव म्हणाले.

पोरं हसली. सर असं काहीतरी बोलतच असत.

दीक्षा हसली नाही. नवीन मुलाला सगळ्यांत पुढे बसवायचं, हा वर्गाचा नियम सरांनीच घातलेला. ती आपल्या जागेवरून उठली, मागे आली आणि त्यांचा हात धरून त्यांना पुढे घेऊन गेली.